एकसष्टावी बॅग

"आणायचीच असेल तर निळी आणा," काकूंनी डबा भरता भरता सांगितलं आणि काकांचा हात बुटाच्या लेसवरच थांबला.

काकांनी बॅगेचं नावही काढलेलं नव्हतं. महिन्याची शेवटची तारीख होती आणि त्यांच्या नोकरीचाही शेवटचा दिवस. रात्रभर त्यांच्या डोक्यात बॅगच होती हे खरं, पण ते डोक्यातलं या बाईला कसं कळलं?

"कुठली निळी?"

"तुमच्या दुकानात काचेत लावलीय ती. मोठी, चाकांची. आणि हमीचं कार्ड भरू नका, कोरंच आणा."

"मी बॅग आणणार आहे असं कोणी सांगितलं तुला?"

"अहो, आज शेवटची तारीख आहे ना?" एवढं बोलून काकूंनी डब्याचं झाकण लावलं.

काका जिना उतरले ते तरंगतच. निळी. समुद्रावर न्यायला निळीच बॅग पाहिजे, हे त्या बाईच्या मनात आलं होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी काकांनी तिला शब्द दिला होता, की कमिशनचा वरचा टप्पा लागला की तुला समुद्र दाखवीन. वरचा टप्पा पुढे पुष्कळदा लागला. पण एकदा छपराला गळती लागली, एकदा मुलीची फी आली, एकदा चष्मे, एकदा दात. समुद्र आपला जागच्या जागी राहिला. माणूस तीस वर्षं प्रवासाच्या बॅगा विकतो आणि त्याची बायको रेल्वे स्टेशनच्या पलीकडे जात नाही, याला काय म्हणायचं? पण आता शेवटचा महिना होता. आज एकसष्ट बॅगा झाल्या की बारा हजार दोनशे हातात येणार होते आणि उद्या तिकिटं. यात बदल नव्हता.

काकांचं खरं नाव दुकानात कोणाला आठवत नसे. सगळे त्यांना खटकेकाका म्हणत. बॅग विकताना ते गिऱ्हाइकाला आधी डोळे मिटायला सांगायचे, मग कानाजवळ बॅगेचा खटका उघडून पुन्हा लावायचे आणि म्हणायचे, "ऐकलंत? चांगल्या बॅगेचा खटका एकदाच बोलतो." गुडघे शाबूत होते तोवर बॅगेवर उभे राहून दाखवायचे, तेही बुटांसकट. ते दिवसच वेगळे होते. दुकानात शिरलं की नव्या कातड्याचा वास अंगावर यायचा, थोरले मालक गल्ल्यावर बसून येणाऱ्या प्रत्येकाला "कुठे निघालात?" असं विचारायचे, आणि मागच्या खोलीत डिंकतात्या पाकिटं चिकटवत बसलेले असायचे.

डिंकतात्या म्हणजे दुकानाचे हिशेबनीस. पगार आणि कमिशन एका पाकिटात घालून ते पाकिटाला इतका डिंक लावत की ते उघडायला वाफच द्यावी लागे. त्यांच्या खुर्चीमागे एक काळा फळा होता. त्यावर खडूने तीन ओळी लिहिलेल्या असत. महिन्याला चाळीस बॅगांपर्यंत बॅगेमागे पन्नास. एकेचाळीस ते साठ, बॅगेमागे ऐंशी. साठाच्या पुढे, बॅगेमागे दोनशे. आकडे तात्या दर काही वर्षांनी पुसून वाढवत, पण टप्पे तेच.

या फळ्यावरून काकांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी आपलं शास्त्र बसवलं होतं. आजच्या दराने सांगायचं तर, साठ बॅगा विकल्या की साठ गुणिले ऐंशी, चार हजार आठशे. आणि एक बॅग जास्त विकली की एकसष्ट गुणिले दोनशे, म्हणजे बारा हजार दोनशे. एका बॅगेच्या फरकाने माणूस कुठल्या कुठे जातो, बघा. मग ती एक बॅग कमी पडली तर स्वतः घ्यायला काय हरकत आहे? नोकरांना दुकानात खरेदीच्या भावात बॅग मिळायची आणि पैसे पाकिटातून कापले जायचे. दीड-दोन हजारांची बॅग घेऊन सात-साडेसात हजार जास्त मिळत असतील तर न घेणारा वेडाच.

गंमत अशी, की वर्षातून तीन वेळा तरी काका बरोबर एका बॅगेसाठी अडत. साठ व्हायच्या आणि गाडी रुतायची. मग शेवटच्या संध्याकाळी ते एका बॅगेचं बिल स्वतःच्या नावावर फाडत आणि ती घेऊन, शीळ घालत घरी येत. बॅग काकूंच्या एका हातात आणि न उघडलेलं पाकीट दुसऱ्या हातात. पाकीट न उघडता देण्याची शिस्त त्यांच्या आईची. घर जिने चालवायचं तिनेच ते उघडायचं, असं आईने पहिल्या पगाराला बजावलं होतं. काका फक्त म्हणत, "वरचा टप्पा लागलाय. मोजून घे." काकू आत जाऊन मोजत आणि बाहेर येऊन सांगत, "बरोबर आहेत." बॅग माळ्यावर जाई. माळ्यावर काकूच चढत, कारण काकांची पाठ.

तर त्या शेवटच्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा काकांच्या अठ्ठावन्न झाल्या होत्या. दुपारपर्यंत दोन गेल्या. साठ. आता त्यांची सगळी भिस्त होती शिक्षिकाबाईंवर. या बाई काकांच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहायच्या. गेल्याच आठवड्यात त्या दुकानात येऊन निळी बॅग बघून गेल्या होत्या. लेकीकडे निघायचं होतं त्यांना. काकांनी खटका ऐकवला, चाकं फिरवून दाखवली, आतला कप्पा उलटा करून दाखवला. बाईंनी किंमत विचारली, सव्वीसशे ऐकून मान हलवली आणि "विचार करून सांगते" म्हणाल्या. तीस वर्षांच्या अनुभवावरून काकांना ठाऊक होतं, की हँडल दोनदा ओढून बघणारं गिऱ्हाईक परत येतं. बाईंनी तीनदा ओढलं होतं.

चार वाजले, पाच वाजले. बाईंचा पत्ता नाही.

"काका, घेऊन टाका आता," बॅगांच्याच काउंटरवरचा टायवाला म्हणाला. हा तीन वर्षांपूर्वी लागलेला विक्रेता, रोज टाय बांधून यायचा म्हणून टायवाला. "मी घेतली सकाळीच. माझी एकेचाळिसावी."

"मीपण," पर्सच्या काउंटरवरच्या ताई हळूच म्हणाल्या. "तुम्ही सांगितल्यापासून मी दर महिन्याला घेते. आणि पाकीटही आम्ही दोघं तुमच्यासारखंच न उघडता घरी देतो."

काकांना अभिमान वाटला. आपण जाऊ, पण आपलं शास्त्र मागे राहील. त्यांनी काचेतली निळी बॅग काढली, तिच्यावरची धूळ रुमालाने पुसली आणि बिल स्वतःच्या नावे फाडलं. खरेदीचा भाव दोन हजार. एरवी ते सगळ्यात स्वस्तातली घेत. पण ही समुद्रावर जायची होती.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. डिंकतात्या महिन्यापूर्वीच घरी बसले होते, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. थोरले मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि धाकट्या मालकांनी तात्यांच्या जागी एक कॉम्प्युटर आणला होता. त्याला डिंक लागत नव्हता. संध्याकाळी मालकांनी बटण दाबलं, यंत्र कुरकुरलं आणि त्यातून एक उघडी चिठ्ठी बाहेर आली.

"काका, तुमचा पगार वेगळा दिलाय. हे कमिशन," मालक वाचू लागले. "तीन हजार आठशे. त्यातून बॅगेचे दोन हजार वजा. हातात अठराशे."

काका हसले. "आकडा चुकलाय त्याचा. नवीन आहे, होतं असं. बारा हजार दोनशे."

"बारा हजार? कशाचे?"

"एकसष्ट गुणिले दोनशे. काढा कागद."

"अहो काका, दोनशे एकाच बॅगेला. एकसष्टाव्या."

"आणि बाकीच्या साठ काय मी फुकट विकल्या?"

"पहिल्या चाळीसांना पन्नास. दोन हजार झाले. पुढच्या वीसांना ऐंशी, सोळाशे झाले. आणि ही एक, दोनशे. तीन हजार आठशे. प्रत्येक टप्प्याचा दर त्या त्या टप्प्यापुरता, काका."

"तुम्ही लहान आहात," काका म्हणाले. त्यांचा आवाज थोडा चढला. "तुमच्या वडिलांच्या वेळेपासून मी एकसष्टच्या एकसष्ट बॅगांना वरचाच दर घेतोय. या डब्याला काय माहीत?"

तेवढ्यात टायवाला आपली चिठ्ठी घेऊन धावत आला. त्याचा चेहरा उतरला होता. एकेचाळीस गुणिले ऐंशी, बत्तीसशे ऐंशी मिळणार म्हणून त्याने पंधराशेची बॅग घेतली होती आणि चिठ्ठीवर होते दोन हजार ऐंशी. "काका, मला ऐंशी मिळवायला पंधराशे पडले," तो म्हणाला. पाठोपाठ ताई आल्या. त्यांनी आपली चिठ्ठी काकांसमोर ठेवली. काकांना ते टायवाल्याच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

धाकटे मालक मात्र कॉम्प्युटरकडे बघत होते. "एक मिनिट. आज सात बॅगा गेल्या. त्यातल्या तीन तुम्हीच घेतल्या?"

टायवाल्याने टायची गाठ सैल केली.

"आणि हे दर महिन्याला होतं?"

"रिवाजच आहे," टायवाला पुटपुटला. "काकांनी घालून दिलेला."

मालक खुर्चीत बसले. "बाबा शेवटच्या तारखेसाठी मुद्दाम जास्त माल मागवून ठेवायचे. म्हणायचे, ही तारीख आपल्याला लाभते. मीही तेच करतोय. आणि ती गर्दी म्हणजे तुम्ही होय?"

आता काकांना माघार घेणं शक्य नव्हतं. दोन माणसं आपल्या शास्त्रावर विसंबून बुडाली होती, मालक डोक्याला हात लावून बसले होते, आणि घरी बायको समुद्राची वाट बघत होती. "तात्यांना बोलवा," ते म्हणाले. "तीस वर्षं पाकीट त्यांनी भरलंय. ते सांगतील ते खरं." यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण ते त्या वेळी कळत नाही.

तात्या दोन गल्ल्या सोडून राहायचे. वीस मिनिटांत काठी टेकत आले. आत आल्यावर आधी त्यांनी कॉम्प्युटरकडे एकदा बघून घेतलं, दुसऱ्या लग्नाला बोलावलेल्या पहिल्या सासऱ्यासारखं. मग आपली जुनी खुर्ची शोधली, ती मिळाली नाही म्हणून उभेच राहिले.

"तात्या, सांगा यांना," काका म्हणाले. "एकसष्ट बॅगांचे किती?"

"आजच्या दराने? तीन हजार आठशे."

काका जरा मोठ्याने म्हणाले, "बारा हजार दोनशे, तात्या."

तात्यांनी काठीने मागच्या खोलीतला गोदामाचा जिना दाखवला. "ताई, तुम्ही पहिल्या पायरीवर उभ्या राहा. टायवाल्या, तू तिसऱ्या." दोघं निमूट चढली. "आता सांग खटक्या. हा तिसऱ्या पायरीवर गेला. म्हणून ताई आपोआप वर गेल्या का?"

"नाही."

"कुठे आहेत त्या?"

"पहिल्या पायरीवर."

"मग पहिल्या चाळीस बॅगाही पहिल्याच पायरीवर. वर गेली ती फक्त पुढची. संपलं. उतरा खाली."

ताई खाली उतरल्या. टायवाला मात्र तिथेच बसला.

"पण तुम्ही मला तीस वर्षं," काका म्हणाले, "तीस वर्षं किती दिलेत?"

"फळ्यावर होतं तेवढंच. एक पैसा कमी नाही, एक पैसा जास्त नाही. आणि प्रत्येक पाकिटात हिशेबाची चिठ्ठी घातलीय मी, टप्प्याटप्प्याने मांडून. वाचली नाहीस?"

"मी पाकीट कधी उघडलंच नाही."

तात्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग त्यांच्या सुरकुत्यांत कुठेतरी हसू आलं. "तरीच. म्हणजे ती बिचारी म्हणूनच आली होती."

"कोण?"

"तुझी बायको. पहिल्या वर्षीच. तू घरी तिप्पट पैशांच्या गप्पा मारतोस आणि पाकिटात एवढेच कसे, म्हणून विचारायला आली होती. तिलाही हाच जिना दाखवला मी. तिला एकदाच सांगावं लागलं."

दुकानातून निघताना निरोपाचे दोन शब्द बोलले गेले, मालकांनी शाल दिली नाही पण हात हातात घेतला, टायवाल्यानेही रुसवा सोडून निळी बॅग रस्त्यापर्यंत आणून दिली. काकांना यातलं काही धड ऐकू आलं नाही. बॅगेची चाकं फरशीवर खडखडत होती आणि ते हिशेब करत होते. आयुष्यात पहिल्यांदा बरोबर हिशेब करत होते, हेच दुःख होतं. आजच्या भावाने एक बॅग दीड हजाराची. ती घेऊन मिळाले दोनशे. म्हणजे तेराशे बुडाले. वर्षाला तीन बॅगा. तीस वर्षं. नव्वद.

नव्वदवर आल्यावर काका रस्त्यातच उभे राहिले. एकात एक घातल्या तरी तीन बॅगांची एक होते, हे ते गिऱ्हाइकाला रोज सांगत. म्हणजे तीस मोठ्या बॅगा. आणि त्यांचा माळा होता एका पलंगाएवढा. मग नव्वद बॅगा गेल्या कुठे? क्षणभर त्यांना पैशांचाही विसर पडला. मग समुद्र आठवला आणि पाय पुन्हा जड झाले. खिशात कमिशनचे अठराशे होते. दोघांच्या तिकिटांना आणि राहायला आठ हजार लागणार होते. तीस वर्षं ती बाई "बरोबर आहेत" म्हणत होती, आणि आपण तिच्यासमोर शीळ घालत होतो. काकांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

जिना त्यांनी शीळ न घालता चढला. काकूंनी दार उघडलं, आधी बॅगेकडे बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडे.

"निळीच आणलीत ना. कार्ड कोरं आहे?"

"तू आधी बस," काका म्हणाले. स्वतः मात्र उभेच राहिले. "मला काहीतरी सांगायचंय. वरचा टप्पा म्हणजे, मी जे समजत होतो ना,"

"तात्यांनी जिना दाखवला वाटतं."

काका खुर्चीत बसले.

काकू आत गेल्या, स्टूल सरकवल्याचा आवाज आला आणि त्या एक लहानशी तपकिरी बॅग घेऊन आल्या. काकांनी ती लगेच ओळखली. त्यांची पहिली एकसष्टावी. पितळी खटके, कोपरे थोडे झिजलेले. काकूंनी ती उघडली तर आत चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. डिंकतात्यांच्या अक्षरातल्या, दोऱ्याने बांधलेल्या, वर्षावर्षाच्या जुड्या. तो बारका, उजवीकडे झुकलेला आकडा बघून काकांना ती मागची खोली आठवली, डिंकाचा वास आठवला, थोरल्या मालकांचं "कुठे निघालात?" आठवलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. पहिल्या वेळी चिठ्ठी हातात घेऊनच दारात उभी होते. तर तुम्ही शीळ घालत जिना चढलात. आधी कधी ऐकली नव्हती मी तुमची शीळ. वाटलं, आज राहू दे, पुढच्या महिन्यात सांगू."

"आणि पुढच्या महिन्यात?"

"पुढच्या महिन्यात खालच्या कंपाउंडरच्या बायकोला माहेरी जायचं होतं. तिने आपली दुसरी बॅग बघितली. दुकानात महाग आहे म्हणाली. मी म्हटलं, मग ही घ्या, जरा कमी देते."

काकांना समजायला वेळ लागला. "तू बॅग विकलीस?"

"दुकानातल्या भावापेक्षा थोड्या कमी, तुम्हाला पडली त्यापेक्षा थोड्या जास्त. आता म्हणाल तर बॅगेमागे तीनशे सुटतात. टप्पा नाही, काही नाही. पहिलीलाही तीनशे आणि शेवटचीलाही तीनशे."

"सगळ्या विकल्यास?"

"ही एक सोडून. छप्पर कशातून झालं असं वाटलं तुम्हाला? आणि मुलीची फी?"

"वरच्या टप्प्यातून," काका क्षीण आवाजात म्हणाले.

"तुमच्या बॅगांतूनच झालं हो. टप्प्यातून नाही, एवढंच. आणि तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही बॅगा आणायचं बंद केलं असतंत." काकूंनी चिठ्ठ्या चाळून तळातून एक लिफाफा काढला. डिंक न लावलेला. आत दोन तिकिटं होती, समुद्राची, येत्या रविवारची. "गेल्या दोन वर्षांच्या बॅगांचे साठवून ठेवले होते. तुमची नोकरी संपायची वाट बघत होते."

काकांनी तिकिटं उलटसुलट करून पाहिली. त्यांना हसावंसं वाटत होतं आणि रडावंसंही, आणि दोन्ही एकदम जमेना. मग त्यांच्यातला विक्रेता हळूहळू जागा झाला.

"थांब. कंपाउंडरच्या बायकोला तू विकलीस. ती माझ्या दुकानात आली होती."

"आली असेल."

"समोरच्या वकिलांची बहीण? ती दोनदा बघून गेली, परत आली नाही. ती?"

"तिलाही मीच दिली."

"आणि कोपऱ्यावरचे डॉक्टर?"

"त्यांना दोन."

काकांनी कपाळाला हात लावला. "अगं, म्हणजे मला दर वेळी एकच बॅग कमी का पडायची ते आज कळलं. माझी एकसष्टावी गिऱ्हाइकं तू घरात बसून पळवत होतीस."

"पळवत कशाला? दुकानात जाऊन ती नुसती खटका ऐकायची. घ्यायची इथे," काकू शांतपणे म्हणाल्या.

तेवढ्यात बेल वाजली. दारात शिक्षिकाबाई उभ्या होत्या, हातात पर्स. "आली का हो निळी?" त्यांनी काकूंना विचारलं, आणि आत काका दिसल्यावर जरा ओशाळल्या. "मी दुकानात येणारच होते तुमच्या. पण काकू म्हणाल्या, शेवटच्या तारखेपर्यंत थांबा, ती आपोआप घरी येईल."

काकांनी काकूंकडे बघितलं. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. निळी बॅग समुद्रासाठी नव्हती तर. काकांना क्षणभर वाईट वाटलं, अगदी क्षणभरच, कारण बाई बॅगेचं हँडल ओढून बघत होत्या. पहिल्यांदा. दुसऱ्यांदा. आणि मग त्या थांबल्या. "तेवीसशे म्हणजे पण," त्या म्हणाल्या, "विचार करून सांगू का?"

काकू काही बोलणार, तोच काका खुर्चीतून उठले. गुडघे कुरकुरले, पण उठले. त्यांनी बॅग टेबलावर आडवी ठेवली.

"बाई, जरा डोळे मिटा."

"इथे?"

"इथेच. मिटा." काकांनी बॅग बाईंच्या कानाजवळ सरकवली, खटका उघडला आणि लावला. खोलीत तो आवाज स्पष्ट उमटला. "ऐकलंत? चांगल्या बॅगेचा खटका एकदाच बोलतो. आणि आता लेकीच्या दारात ही बॅग घेऊन उभं राहिल्यासारखं वाटतंय की नाही, ते सांगा."

बाईंनी डोळे उघडले, पर्सही उघडली. पैसे मोजून दिले, कोऱ्या कार्डावर स्वतःचं नाव लिहिलं आणि बॅग घेऊन गेल्या. तिची चाकं वरच्या जिन्याच्या पायऱ्यांवर एकेक करून आपटत गेलेली दोघांना ऐकू आली.

"आता आपण काय घेऊन जायचं समुद्रावर?" काकांनी विचारलं.

काकूंनी तपकिरी बॅगेतल्या चिठ्ठ्या काढून टेबलावर ठेवल्या, बॅग उलटी करून झटकली आणि खटका लावला. तो अजूनही एकदाच बोलला. "ही आहे की. दोन लुगडी आणि तुमचे दोन शर्ट, आणखी काय लागतं?"

काकांनी मान हलवली. मग काहीतरी आठवून त्यांनी हात पुढे केला. "आत्ताची बॅग मी विकली. मी बोललो नसतो तर बाई चालल्या होत्या. माझं कमिशन?"

काकूंनी तेवीसशेंच्या नोटा परत एकदा मोजल्या, कनवटीला लावल्या आणि डब्यातून पन्नासची एक नोट काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"पन्नासच?"

"माझ्याकडची ही तुमची पहिलीच बॅग," काकू म्हणाल्या. "चाळीसपर्यंत पन्नास."

काकांनी नोटेकडे बघितलं, टेबलावरच्या चिठ्ठ्यांकडे बघितलं. मग तीस वर्षांच्या सवयीने ती नोट न मोजता, न उलगडता काकूंच्या हातात परत दिली आणि शीळ घालत हात-पाय धुवायला गेले.